दारावरची नोटीस

लातूर-नांदेडकडच्या कुठल्याही मराठी दैनिकाचं आतलं पान उघडा. जाहिरातींच्या गर्दीत दाट अक्षरांची एक चौकट दिसते. वर लिहिलेलं असतं 'ताबा नोटीस' किंवा 'ई-लिलाव जाहीर सूचना'. खाली कर्जदाराचं नाव, सहकर्जदार म्हणून पुष्कळदा बायकोचं, मग जामीनदार, थकबाकीचा आकडा अगदी पैशांपर्यंत, आणि शेवटी घराची चतुःसीमा. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचे घर, उत्तरेस तमक्याचा प्लॉट. त्या अमक्या-तमक्यांशी रोजचा राबता असतो. आता तुमच्या थकबाकीच्या शेजारी त्यांचीही नावं छापून आलेली असतात.

माझं मत असं, की आपल्याकडे घर जातं ते पैशाच्या तुटीइतकंच या लाजेपायी जातं. चौकट छापून येण्याच्या कितीतरी आधी घरात टपालानं एक पाकीट आलेलं असतं. पोस्टमननं सही घेतलेली असते. ते पाकीट टीव्हीखालच्या कप्प्यात जातं. कुणी विचारलं तर 'बँकेचं काहीतरी आहे' एवढंच उत्तर मिळतं. कायद्यानं दिलेले दिवस त्या कप्प्यात पडून संपतात. हे प्रकरण त्या दिवसांविषयी आहे.

या दोन जिल्ह्यांत घराचा हप्ता का थकतो, हे बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही. गावाकडची माणसं मुलांच्या बारावीसाठी, नीटच्या शिकवणीसाठी लातूरला किंवा नांदेडला येतात. आधी खोली, मग प्लॉट, मग कर्ज काढून दोन खोल्या. घर शहरात आणि आवक शिवारात. हप्ता दर महिन्याला, सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमाराला, वर्षातून एकदा. त्यात ज्या लातूरला २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं एखादं वर्ष कोरडं गेलं की शेतकऱ्यापाठोपाठ गवंडी, वीटभट्टीवाला, खानावळवाली सगळ्यांचाच हात आखडतो. प्लॉट गुंठेवारीतला आणि नियमित न झालेला असेल तर मोठी बँक दारात उभं करत नाही. मग जादा व्याजाची फायनान्स कंपनी, पतसंस्था, आणि तिथंही जमलं नाही तर सावकार.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हा: घर नेमकं कुणाकडे आणि कोणत्या कागदानं अडकलं आहे? बँक, पतसंस्था आणि सावकार या तिघांचे कायदे वेगळे, मुदती वेगळ्या आणि दाद मागायची दारंही वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. इंटरनेटवर 'फोरक्लोजर' शोधलंत तर अमेरिकेतली माहिती समोर येईल आणि आपल्या बँकेत तोच शब्द उच्चारलात तर कारकून 'कर्ज मुदतीआधी फेडायचंय का?' असं विचारेल. आपल्याकडे शब्द आहेत ताबा, जप्ती आणि लिलाव. तेच वापरा.

बँकेचं आधी पाहू. समजा १२ लाखांचं गृहकर्ज आहे, ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता साधारण १०,८०० रुपये बसतो. थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरतं. ही रेघ फार महत्त्वाची आहे. रेघेच्या अलीकडे तुमच्याकडून मागणी असते ती थकलेल्या दोन-तीन हप्त्यांची, म्हणजे तीसेक हजारांची. पलीकडे गेलात की बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते. तीस हजारांचा प्रश्न बारा लाखांचा होतो तो याच ९० दिवसांत. आजारपण आलं, पीक गेलं, काम सुटलं, तर दुसरा हप्ता चुकायच्या आत शाखेत लेखी अर्ज द्या. मुदत वाढवून हप्ता कमी करा, कर्जाची पुनर्रचना करा, असं मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. बँक मंजूर करेलच असं नाही. पण हात वर करून बसलेला कर्जदार आणि वेळेवर अर्ज दिलेला कर्जदार यांच्याकडे पुढं तडजोडीच्या वेळी वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं.

एनपीए झाल्यावर येतो तो २००२चा सरफेसी कायदा. त्याचं वैशिष्ट्य हे की बँकेला आधी कोर्टात जावं लागत नाही. कलम १३(२) खाली ६० दिवसांची मागणी नोटीस येते. बहुतेकांना वाटतं की या नोटिशीला उत्तर म्हणजे पैसेच. तसं नाही. याच ६० दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेऊ शकता: आकडा चुकलाय, भरलेले हप्ते जमा दाखवले नाहीत, दंडाची आकारणी जास्त आहे, अमुक हप्त्यांत मी खातं नियमित करतो. हरकत मिळाल्यापासून १५ दिवसांत बँकेनं कारणांसह लेखी उत्तर द्यायचं असतं. काही गोष्टी तर या कायद्याच्या बाहेरच आहेत. शेतजमिनीवर हा कायदा चालत नाही. मुद्दल आणि व्याज मिळून २० टक्क्यांहून कमी येणं उरलं असेल तरीही चालत नाही. ज्यानं अठरा वर्षं हप्ते फेडले आणि शेवटी अडकला, त्यानं ही तरतूद वकिलाला मुद्दाम दाखवावी. शिवाय नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता किंवा भाड्यानं देता येत नाही. पण संमतीनं विकता येतं. घर वाचणारच नाही असं दिसत असेल तर लिलावाची वाट पाहण्यापेक्षा बँकेला सांगून स्वतः गिऱ्हाईक आणणं शहाणपणाचं, कारण गरजेनं घर शोधणारा माणूस लिलावात बोली लावणाऱ्यापेक्षा चांगला भाव देतो.

साठ दिवस गेले की दारावर कागद चिकटतो. यात बहुतेक वेळा 'सांकेतिक ताबा' असे शब्द असतात, आणि फसगत इथंच होते. माणूस घरातच राहत असतो, चूल पेटत असते, म्हणून वाटतं अजून काही झालेलं नाही. कायद्याच्या हिशेबानं मात्र ताबा गेलेला असतो आणि त्या दिवसापासून ४५ दिवसांचं घड्याळ सुरू झालेलं असतं. या ४५ दिवसांत कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत अर्ज करायचा. मराठवाड्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरला आहे, नांदेडहून किंवा लातूरहून अडीचशे किलोमीटरांच्या घरात. आधी इथं येण्यासाठी रकमेच्या ७५ टक्के भरा अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली मार्डिया केमिकल्सच्या निकालात ती रद्द केली. आता कर्जदाराला फक्त अर्जाची फी लागते. १२ लाखांच्या येण्याला ती साधारण साडेपाच हजार होते.

एक चूक वारंवार होते. ओळखीतल्या वकिलाकडून तालुक्याच्या दिवाणी कोर्टात मनाईचा दावा टाकला जातो. सरफेसीच्या कलम ३४ प्रमाणे या बाबतीत दिवाणी कोर्टाला अधिकारच नाही. थेट उच्च न्यायालयाच्या खंडपीठात धाव घेतली तर तिथंही 'आधी न्यायाधिकरणात जा' असं सांगतात, कारण सर्वोच्च न्यायालयाचा २०१०चा सत्यवती टंडन निकाल तसा आहे. या फेऱ्यांत ४५ दिवस उलटून जातात. वकील करताना एवढंच विचारा: 'साहेब, तुम्ही डीआरटीत काम करता का?'

पुढची पायरी म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. कलम १४ खाली बँक अर्ज करते आणि मग महसूलचे अधिकारी पोलीस बंदोबस्तात प्रत्यक्ष ताबा घ्यायला येतात. कर्जाचा वाद तिथं मांडून उपयोग होत नाही, ती जागा त्यासाठी नाही. त्या दिवशी अधिकाऱ्यांशी हुज्जत घालण्यापेक्षा सामानाचा पंचनामा नीट होतोय ना, मुलांची प्रमाणपत्रं, औषधं, दागिने बाहेर आले ना, हे पाहा.

लिलावाबद्दल दोन गोष्टी माहीत हव्यात. पूर्वी विक्रीच्या दिवसापर्यंत पैसे भरून घर सोडवता येत असे. २०१६च्या दुरुस्तीनंतर तो हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच उरला, आणि २०२३ साली बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणजे पेपरात लिलावाची चौकट आली आणि मग पाहुण्यांकडून पैसे गोळा केले, तर ते उशिराचे ठरू शकतात. दुसरी गोष्ट अशी की घर विकून बँकेचं येणं आणि खर्च वळता झाल्यावर वर जे उरतं ते कर्जदाराचं असतं. घरासोबत तो पैसाही गेला असं समजून गप्प बसलेली माणसं मी पाहिली आहेत. लेखी हिशेब मागा. तो तुमचा पैसा आहे.

सहकारी बँकेचं कर्ज असेल तर पूर्वी 'आम्हाला सरफेसी लागू नाही' असा वाद चालायचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या प्रकरणात, पांडुरंग चौगुले यांच्या अपिलावर, ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो मिटवला. सहकारी बँकांनाही हा कायदा वापरता येतो.

पतसंस्थेची वाट वेगळी. तिथं महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चालतो. लोक बोलताना 'एकशे एक झालं' म्हणतात. म्हणजे कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळाला. तो मिळण्याआधी निबंधक कार्यालयाची चौकशीची नोटीस येते. तारखेला हजर राहून भरणा पावत्या दाखवण्याची हीच खरी वेळ, कारण दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध फेरतपासणी मागायची तर कलम १५४ प्रमाणे निम्मी रक्कम आधी भरावी लागते. दाखल्यानंतर वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे जप्ती आणि लिलाव करतो. या नियमात शेवटची एक फट आहे. लिलाव होऊन गेला तरी ३० दिवसांच्या आत सगळी थकबाकी, खर्च आणि बोलीच्या ५ टक्के रक्कम भरली तर विक्री रद्द करून घेता येते. बँकेच्या लिलावात अशी सोय नाही, पतसंस्थेच्या लिलावात आहे.

आता सावकार. इथं थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथं नोटीस येत नाही, पेपरात चौकट येत नाही, आणि घर गेल्याचं कधीकधी तलाठ्याकडचा उतारा काढल्यावर कळतं.

आपल्याकडे 'पाच टक्क्यानं घेतले' म्हटलं की महिन्याला पाच टक्के, हे कुणी वेगळं सांगत नाही. दोन लाखांवर महिन्याला दहा हजार. वीस महिन्यांत मुद्दलाइतकं व्याज जातं आणि मुद्दल जागेवरच असतं. सावकार तारण म्हणून गहाणखत करत नाही, तो खरेदीखत करतो. दुय्यम निबंधकांसमोर फोटो, अंगठा, दोन साक्षीदार, सगळं रीतसर. 'पैसे दिलेस की परत करून देतो' हे तोंडी, फार तर शंभराच्या बाँडवर वेगळं. लोक त्याला मुदत खरेदी म्हणतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात मुदत खरेदीलाही गहाणच मानलं आहे, पण १९२९च्या दुरुस्तीपासून एक अट आहे: परत देण्याची शर्त त्याच खरेदीखतात लिहिलेली हवी. वेगळ्या बाँडवर असेल तर दिवाणी कोर्टात ते खरेदीखतच ठरतं. सावकाराला हे पक्कं ठाऊक असतं. घर सोडवायला आलेल्या माणसाला ते पहिल्यांदाच कळतं.

ही युक्ती जुनी आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात लोकांनी सावकारांवर हल्ला केला आणि त्यांच्या कर्जरोख्यांची होळी केली. ते लोण इतर गावांत पसरलं. त्यातून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला आणि रोख्यावर काय लिहिलंय एवढ्यावर न थांबता मूळ व्यवहार काय होता ते तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. लातूर आणि नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे इथल्या शेतकऱ्याला त्याचा लाभ झाला नाही.

आज तोच अधिकार महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये आहे आणि तो आपल्यालाही लागू आहे. कलम १८ सांगतं की सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून गेलेली स्थावर मालमत्ता, मग कागद खरेदीचा असला तरी, जिल्हा उपनिबंधक चौकशी करून परत देण्याचा आदेश देऊ शकतात. अर्जाच्या तारखेपासून मागच्या १५ वर्षांतले व्यवहार यात येतात. उपनिबंधक कागदाच्या मागे जाऊन पाहतात, म्हणून पुरावा जमवायचा तो त्या दृष्टीनं. खरेदीखत झाल्यावरही घरात तुम्हीच राहता का? वीजबिल, घरपट्टी, नळपट्टी कुणाच्या नावानं भरली जाते? खरेदीची किंमत सरकारी दरापेक्षा खूप कमी होती का? खरेदीनंतरही दर महिन्याला त्याच माणसाच्या खात्यावर किंवा फोनपेवर सारखीच रक्कम गेली का? विकून टाकलेल्या घराचं कुणी व्याज भरत नसतो. असे वीस महिन्यांचे उतारे एका खरेदीखताला भारी पडू शकतात. कोऱ्या चेकचे नंबर, बाँडची झेरॉक्स, साक्षीदारांचे जबाब, सगळं एका फायलीत लावा. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा थेट जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. विरोधात आदेश गेला तर एका महिन्यात विभागीय सहनिबंधकांकडे अपील, आणि ते कार्यालय लातूरलाच आहे. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

लोक म्हणतात, त्याचे हात वरपर्यंत आहेत. असतातही. २००६ साली बुलढाणा जिल्ह्यात एका सावकार कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी आल्या तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून पोलीस ठाण्यात फोन गेला. एका शेतकऱ्यानं ते प्रकरण सोडलं नाही. डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या हस्तक्षेपाबद्दल राज्य सरकारला दहा लाख रुपये भरायला लावले. तक्रारीची पोच घेऊन ठेवली की वरचा हातही कधीतरी उघडा पडतो.

मग या सगळ्यात आपल्या बाजूनं उभं कोण राहणार? अमेरिकेत घर जप्तीच्या वाटेवर असलेल्यांसाठी सरकारमान्य सल्लागार असतात, ते फुकट सल्ला देतात. आपल्याकडे ते काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे येतं, आणि हे इतक्या थोड्यांना माहीत आहे याची मला मनापासून खंत वाटते. १९८७च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेले यांना मोफत वकील मिळतो. आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. सुरुवातीची चौकट आठवा. सहकर्जदार म्हणून बायकोचं नाव लावलं होतं ते बँकेनं आपल्या सोयीसाठी. पण त्याच नावामुळे तिला नोटिशीला उत्तर देण्याचा, न्यायाधिकरणात जाण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी लागणारा वकीलही तिला मोफत मिळू शकतो. ज्या घरात नवरा पाकीट लपवून ठेवतो, तिथं वाचवू शकणारं माणूस त्याच घरात असतं.

लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करा. एकरकमी तडजोडीचं पत्र हातात पडल्याशिवाय रुपया देऊ नका, आणि द्याल तो कर्ज खात्यातच, वसुलीला आलेल्या पोराच्या हातात कधीच नाही. त्या पोरानं सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली सांगितलं आहे. तरी केला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार द्या आणि ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याची माहिती १४४४८ वर मिळते. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार राष्ट्रीय आवास बँकेकडे जाते. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते.

घरात कुणी जेवेनासं झालं असेल, रात्र-रात्र जागत असेल, 'माझ्यामुळं झालं' असं पुन्हा पुन्हा म्हणत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ बसा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. घराचं पुढं बघता येईल.

विधी सेवेचा नंबर १५१००. नांदेडला आणि लातूरला प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे. जाताना कर्जाचा करार, खात्याचा उतारा, भरणा पावत्या न्या, आणि नोटीस तिच्या पाकिटासकट न्या. पाकिटावर टपाल खात्याचा शिक्का असतो. नोटीस कधी आली हे दाखवायला तो शिक्का उपयोगी पडतो.